माळ्यावरची तलवार: संग्रहाची सुरुवात कुठून करावी?

पत्र

मी एकतीस वर्षांचा, सांगलीत बँकेत नोकरीला आहे. लहानपणापासून शस्त्रांचं वेड. आतापर्यंत एक कुकरी आणि ऑनलाइन मागवलेला 'दमास्कस'चा सुरा एवढंच घेतलं होतं. या उन्हाळ्यात गावच्या घराची कौलं उतरवली तेव्हा माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली एक तलवार, म्यान नसलेली कट्यार आणि पणजोबांची ठासणीची बंदूक सापडली. काका म्हणतात, भंगारात देऊन टाक, नसती भानगड. मला मात्र इथूनच खरा संग्रह सुरू करायचाय. तलवार दसऱ्याच्या आत चकाचक करायची आहे. एक विक्रेता हस्तिदंती मुठीचा 'शिवकालीन' खंजीर साठ हजारांत देतो म्हणतोय. घेऊ का? कायद्याचं कसं असतं? आणि बायको म्हणते, चार वर्षांची मुलगी असलेल्या घरात हे काही नको. तिला कसं समजावू?

– एक शस्त्रप्रेमी, सांगली

उत्तर

नमस्कार,

तुम्ही तलवारीबद्दल सर्वांत उत्साहाने लिहिले आहे आणि बंदुकीचा नुसता उल्लेख केला आहे. मी बंदुकीपासूनच सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे थांबू शकते, हे नाही. त्या बंदुकीला आता घरातल्या कुणीही हात लावू नका.

ठासणीच्या बंदुकीत आधी दारू, मग चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा, मग छर्रे, असे सगळे नळीच्या तोंडातून गजाने ठासत भरावे लागते. रात्री पिकात रानडुकरे घुसली तर अंधारात हे करत बसायला वेळ नसतो, म्हणून बंदूक आधीच भरून ठेवायची. भरलेली बंदूक रिकामी करण्याचा सोपा मार्ग म्हणजे ती उडवणे. डुक्कर आलेच नाही, की बंदूक तशीच खुंटीला राहायची. मालक वारला, घरच्यांनी ती उचलून माळ्यावर ठेवली आणि आत काय आहे हे कुणाच्या लक्षातही राहिले नाही, असे सहज घडते. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही पेट घेऊ शकते, आणि खालच्या चुलीच्या धुराने शेकलेला माळा म्हणजे घरातली सर्वांत कोरडी जागा.

तेव्हा घोडा मागे ओढून बघू नका, नळीत गज किंवा तार घालू नका, तोंडाकडून डोकावू नका, उन्हात ठेवू नका. गाडीच्या डिकीत टाकून ठाण्यातही नेऊ नका. गावाच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या: अमुक दिवशी, घराची दुरुस्ती करताना, माळ्यावर अशी वस्तू सापडली, ती भरलेली आहे की नाही हे माहीत नाही, कृपया येऊन पाहावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर शस्त्र परवान्यांची कामे करणारा एखादा वकील सोबत न्या, त्याचे शुल्क इथे सत्कारणी लागेल.

काकांची भीती मला समजते, पण त्यांचा उपाय भीतीपेक्षा धोक्याचा आहे. भंगारवाला ती नळी गॅस कटरने कापणार. आत दारू असेल तर काय होईल याची कल्पना करा. शिवाय परवान्याशिवाय बंदूक विकणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, मग ती किलोच्या भावाने विकलेली का असेना.

कायदा असा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. पणजोबांकडे तो असण्याची बरीच शक्यता आहे. शेती संरक्षणासाठी असे परवाने दिले जात. जुन्या ट्रंकेत, देवघराच्या फडताळात, सातबाऱ्याच्या कागदांच्या गठ्ठ्यात तो शोधा. सापडला तर बंदूक घरात कशी आली याचा पुरावा झाला. पण परवाना हा माणसाचा असतो, घराचा नसतो. माणूस गेल्यावर वारसाने बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून आपल्या नावाचा परवाना मागायचा असतो. याच कायद्याच्या ४५ व्या कलमात एक सूट आहे: कालबाह्य घडणीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडके असे जे हत्यार दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला कायदा लागू होत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने असेही अधिसूचित केले की दुर्मीळ संग्राह्य वस्तू या वर्गात मोडणारी बंदूक-पिस्तुले भारतीय नागरिकाने नुसती बाळगायला परवाना लागत नाही. वापरायला, सोबत न्यायला वा हलवायला मात्र लागतो. या दोन्ही तरतुदी तुमच्या उपयोगी पडू शकतात. फक्त आपली बंदूक त्यात बसते हे आपणच ठरवून मोकळे होता येत नाही. ते तपासून लेखी मिळाले पाहिजे.

आता तलवार, कट्यार आणि तुमची कुकरी. शस्त्र नियमांच्या यादीत तलवार, गुप्ती, खंजीर, संगीन, भाला, कुकरी यांची नावे आहेत आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे हत्यार त्यात धरलेले आहे. घरगुती, शेतीच्या वा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली अवजारे वगळली आहेत. म्हणून तुमच्या कुकरीचे पाते आजच मोजा. पुष्कळ कुकऱ्यांची पाती नऊ इंचांच्या पुढे जातात. अशी हत्यारे नुसती घरात ठेवायला परवाना लागतो की नाही, हे त्या भागासाठी सरकारने काढलेल्या अधिसूचनेवर अवलंबून असते. त्यामुळे 'माझ्या मित्राकडे आहे, त्याला कुणी विचारले नाही' याला काही किंमत नाही. सांगलीत असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयात आणि ठाण्यात, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात असाल तर आयुक्तालयात, लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

घराबाहेर नेणे हा तर आणखी वेगळा विषय. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली सणासुदीला, निवडणुकीला शस्त्रे बाळगून फिरण्यावर मनाई आदेश निघतात आणि ते इतक्या वेळा निघतात की आज आदेश नाही असे गृहीत धरूच नये. वर्तमानपत्रात 'तलवारीने केक कापला, गुन्हा दाखल' अशी बातमी तुम्ही कैकदा वाचली असेल. त्यातले बहुतेक तरुण गुंड नसतात, हौशी असतात. तुमच्या शस्त्राचा फोटो हातात उगारून काढू नका, आणि समाजमाध्यमांवर तर मुळीच टाकू नका. पोलीस येतील हे एक कारण, चोर येतील हे दुसरे. आणि यापुढे पात्याची कुठलीही वस्तू कुरिअरने मागवणे बंद. खोक्यावर 'शोभेची वस्तू' असे लिहिल्याने तलवार शोभेची होत नाही.

हे सगळे वाचून छंद सोडावासा वाटला असेल तर थांबा. सोडू नका. तुमच्या घरात जे सापडले आहे ते मिळावे म्हणून संग्राहक आयुष्यभर फिरतात: कुणाच्या घरातले, कुठल्या गावचे, कुठल्या माळ्यावरचे हे ठाऊक असलेले शस्त्र. बाजारात नुसती वस्तू मिळते. तुमच्याकडे वस्तूसोबत तिची हकीगत आहे, आणि ती हकीगत जाणणारी माणसे अजून हयात आहेत. माझे मत विचाराल तर शस्त्रसंग्रहाचा खरा ऐवज हाच. पोलाद कुणीही विकत घेऊ शकतो.

हे मोठ्या शस्त्रांनाही लागू आहे. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघुजीराजे यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज लिलावात आली आणि महाराष्ट्र सरकारने ४७ लाख १५ हजार रुपये खर्चून ती मिळवली. ती त्यांची हे कशावरून? पात्याच्या पाठीवर सोन्याने देवनागरीत त्यांचे नाव आहे, सेनासाहेबसुभा हे पद आहे आणि 'फिरंग' हा शब्द आहे. पाते युरोपातले, म्हणून फिरंग. एवढ्या एका ओळीने ती तलवार शेकडो निनावी तलवारींतून वेगळी झाली. याच्या उलट, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून २०२४ च्या जुलैत साताऱ्याच्या संग्रहालयात आलेली वाघनखे घ्या. ती साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा प्रतिनिधी, असलेल्या जेम्स ग्रँट डफकडून पुढे आली हे सांगता येते. पण अफजलखानाच्या भेटीतली वाघनखे हीच, याची पडताळणी करता येत नाही, असे त्या संग्रहालयाने स्वतःच सांगितले आहे. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. जिथपर्यंत कागद जातो तिथपर्यंतच बोलायचे, ही सवय संग्राहकाने पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

मग तुमचे पहिले काम कोणते? एक जाड, शिवलेली वही घ्या. सापडल्याची तारीख, जागा, गोणपाटासकट फोटो, सोबत मोजपट्टी ठेवून. पात्याची लांबी सरळ रेषेत, मुठीपाशी रुंदी, पाठीची जाडी, वजन. पात्यावर टिंब, रेघ, चांद, अक्षर असे काही दिसते का, ते तिरप्या उजेडात बघा. राजस्थानातल्या काही राजघराण्यांच्या शस्त्रागारांत टिंबे ठोकून नोंदीचे आकडे घातलेले असत. युरोपीय पात्यांवर अर्धचंद्राकृती दातेरी खुणा असत आणि त्या इतक्या नावाजल्या की इकडच्या कारागिरांनीही त्यांची नक्कल केली. तेव्हा खूण दिसली की 'परदेशी' म्हणून मोकळे होऊ नका, फक्त नोंदवा. मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापाशी बसा. तलवार दसऱ्याला कुठे ठेवत, कोण पूजा करी, ती घरात पाटीलकीमुळे आली की सैन्यातल्या नोकरीमुळे, की कुणी लग्नात दिली. त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, जमल्यास आवाज मुद्रित करा. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून लिहा. मोडीतले जुने कागद असतील तर ते शस्त्रांइतकेच महत्त्वाचे. मोडी वाचणारे अभ्यासक कोल्हापूर-पुण्याला सहज भेटतात, आणि सहा महिने मन लावले तर तुम्हालाही वाचता येईल.

आणखी एक. या वस्तू तुमच्या एकट्याच्या नाहीत. पणजोबांच्या सगळ्या वारसांचा त्यावर हक्क आहे. आज कुणी विचारत नाही म्हणून गृहीत धरू नका. तुम्ही त्या सांभाळणार, विकणार नाही, असे काकांसह सगळ्यांच्या सहीने लिहून ठेवा. पुढे भाऊबंदकी होते ती अशाच 'तेव्हा कुठे कुणाला हवी होती' म्हणणाऱ्या वस्तूंवरून.

आता चकाचक करण्याबद्दल. हे तुम्ही करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दसऱ्याच्या आधी किती चांगली शस्त्रे आपण आपल्या हातांनी खराब करतो! चिंच, लिंबू, राख, विटकर, भांडी घासायची पावडर, आणि आता तर पॉलिश पेपर आणि ग्राइंडर. एका दुपारीत तीनशे वर्षांचा थर निघून जातो. तुमच्या पात्यावर जो काळपट-तपकिरी थर असेल तो शत्रू नाही; तो घट्ट बसलेला असेल तर खालच्या पोलादाला झाकूनच ठेवतो. शत्रू म्हणजे बोटाला लागणारा तांबूस भुकटीसारखा गंज. त्यावर शिलाई मशीनचे पातळ तेल लावा, दिवसभर मुरू द्या, मऊ सुती कापडाने पुसा. पुन्हा लावा, पुन्हा पुसा. हट्टी जागी बांबूची चपटी काडी वापरा, धातूचे काही नको. महिनाभर लागला तरी लागू द्या.

घाई का नको, तर गंजाखाली काय आहे हे तुम्हाला ठाऊक नाही. मुठीवर कोफ्तगिरी असू शकते. पोलादावर बारीक आडव्या-उभ्या रेघा खरवडून त्यावर सोन्याची किंवा चांदीची तार ठोकून बसवतात, ती इतकी पातळ असते की पॉलिश पेपरच्या दोन हातांत नाहीशी होते. पात्यात जौहर असू शकतो, म्हणजे दख्खनच्या मुशीतल्या पोलादात दिसणारी पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत हे पोलाद तयार होई आणि इराणपर्यंत जाई. भरपूर कार्बन असलेले पोलाद मुशीत सावकाश थंड होते आणि पुढे बेताच्या तापावर ठोकले जाते, त्यात ही नक्षी आतूनच तयार होते. ती बाहेर आणण्याचे काम जाणत्या शिकलगाराचे, म्हणजे पाती घासून-उजळून देणाऱ्याचे, किंवा संग्रहालयातल्या जतनतज्ज्ञाचे. तुमचे काम ती पुसली जाऊ न देण्याचे.

मूठ हलत असेल तर वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. आपल्या तलवारींचे पाते मुठीत लाखेच्या किंवा राळेच्या लगद्याने बसवलेले असते. उष्णता लागली की तो वितळतो, आणि वेल्डिंगने पात्याचे पाणीही, म्हणजे त्याचा कठीणपणा, जातो. मूठ गरम पाण्यात बुडवणेही याच कारणासाठी टाळा. काम झाले की मेणाचा पातळ हात द्या, धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळा. गोणपाट नको, तो ओल धरतो. घट्ट प्लॅस्टिकही नको. जुने म्यान मिळाले तर त्यात तलवार घालून ठेवू नका. लाकूड, चामडे आणि मखमलीखालचा गोंद दमट हवेत पाते खातात. म्यान शेजारी वेगळे ठेवा.

आणि खंडेनवमीला पूजा जरूर करा. घरातले शस्त्र कित्येक वर्षांनी पाटावर येतेय, त्याचा आनंद मोठा आहे. फक्त ओले हळदकुंकू पात्यावर लावू नका, लिंबू तर जवळही नको. पाटावर वस्त्र, वस्त्रावर तलवार, हळदकुंकू आणि फुले समोर वाहा. एखादे बोट लावायचेच असेल तर कोरडे, आणि संध्याकाळी पुसून तेलाचा हात फिरवा.

आता तो साठ हजारांचा खंजीर. घेऊ नका. मूठ खरोखर हस्तिदंताची असेल तर तो व्यवहार वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. आपल्याकडे हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे आणि वस्तू जुनी आहे म्हणून विक्रीला सूट मिळत नाही. मूठ हस्तिदंताची नसेल, आणि बहुधा ती उंटाच्या हाडाची निघेल, तर विक्रेता खोटे बोलतो आहे. हाडावर बारीक काळपट छिद्रे-रेघोट्या दिसतात, हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. पण हे तपासायलाही तुम्ही जाऊ नये असे मला वाटते, कारण दोन्ही उत्तरांनी खंजीर न घेणेच निघते. हीच गोष्ट सांबरशिंगाच्या मुठी, गेंड्याच्या कातड्याच्या ढाली आणि काळविटाची शिंगे जोडून केलेले माडू (ढालीसारखे शस्त्र) यांची. हे संग्रहालयात पाहावे.

'शिवकालीन' या शब्दाबद्दल मला राग आहे, तो स्पष्ट लिहिते. महाराजांच्या नावावर किती कचरा विकला जातो! उदयपूर आणि आसपास आजही उत्तम कारागीर कोफ्तगिरीच्या नव्या तलवारी-खंजीर घडवतात. त्या नव्या म्हणून विकल्या तर तो कारागिरीचा सन्मान आहे. त्याच आम्लात बुडवून, मातीत पुरून, 'वाड्यात सापडली' म्हणून विकल्या की फसवणूक. एकसारखा, सगळीकडे सारख्या खोलीचा गंज दिसला की सावध व्हा. खरा गंज लहरी असतो, जिथे हात लागत आला तिथे कमी, जिथे म्यानात पाणी साचले तिथे खोल. धारेकडे न निमुळते होणारे, पट्टीसारखे एकाच जाडीचे पाते, पितळी सिंहमुखी मूठ, वेल्डिंगचा डाग, हे पाहिल्यावर किंमतही विचारू नका.

वजनावरूनही पुष्कळ कळते. लढाईतली तलवार साधारण किलोभर वजनाची असते, थोडी कमी-जास्त. दिवसभर घोड्यावरून चालवायची वस्तू ती. वीस-वीस, चाळीस-चाळीस किलोंच्या तलवारींच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी ती कधी हातात धरलेली नसते. जेजुरीच्या गडावर दसऱ्याला उचलतात तो खंडा सुमारे ४२ किलोचा आहे, पण तो खंडोबाचा. त्याचे मोल भक्तीतले आहे. तुमच्या माळ्यावरची तलवार हलकी वाटली आणि मूठ हाताला लहान वाटली तर निराश होऊ नका. जुन्या मुठी तशाच आवळ असतात.

जुनी वस्तू विकत घ्यायचीच झाली तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, तिचा व्यापार करणाऱ्याकडे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या व्यवस्थेतला परवाना हवा आणि ती देशाबाहेर नेणे खासगी माणसाला मना आहे. म्हणून परदेशातल्या भावाला 'आठवण' म्हणून कट्यार देण्याचा विचारही नको. विक्रेत्याला परवाना दाखवायला सांगा, पावतीवर वस्तूचे पूर्ण वर्णन लिहून घ्या. जो पावती देत नाही त्याची वस्तू कुठल्या तरी देवळातून किंवा वाड्यातून उचललेली असू शकते.

आधुनिक शस्त्रांबद्दल थोडक्यात. तुमचा 'दमास्कस'चा सुरा बहुधा दोन प्रकारची पोलादे एकावर एक ठोकून, दुमडून आणि आम्लाने नक्षी उठवून केलेला आहे. ती वेगळी कला आहे, जौहर नव्हे, आणि चांगली केलेली असेल तर जपण्याजोगी आहे. पात्याची लांबी मात्र इथेही मोजा. आधुनिक वस्तूंचा फायदा हा की त्या स्वतःविषयी सांगतात: इशापूरच्या कारखान्यातल्या संगिनींवर शिक्का आणि साल असते. त्या संगिनीही शस्त्र नियमांच्या यादीत आहेत हे विसरू नका. गुप्तीच्या वाटेला जाऊ नका. लपवून नेण्यासाठी केलेल्या हत्यारात संग्राहकाने गुंतू नये असे मला वाटते.

आणि जुने पाते फिरवून बघण्याचा मोह होईल, तोही आवरा. गंजाने आतून खाल्लेले पाते मुठीपाशी तुटून उडते. हात शिवशिवत असतील तर कोल्हापूर तुम्हाला जवळ आहे. तिथल्या एखाद्या मर्दानी खेळाच्या आखाड्यात नाव घाला. वस्तादांच्या हाताखाली लाठीपासून सुरुवात करा. दांडपट्टा हातात चढल्यावर त्याची मूठ बंद आणि आडवी का, पाते लवते का, हे जे कळेल ते काचेच्या कपाटाबाहेरून कधीच कळणार नाही. रविवारी कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातले संग्रहालय, साताऱ्याचे संग्रहालय, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे शस्त्रदालन बघा. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तर वहीच घेऊन जा. केळकर चष्म्यांचे दुकान चालवणारे गृहस्थ. साधारण १९२० पासून त्यांनी दिवे, अडकित्ते, दरवाजे, शस्त्रे, वाद्ये जमवली आणि १९६२ मध्ये हा सगळा ठेवा महाराष्ट्र सरकारच्या हाती सोपवला. तिथले अडकित्ते बघून तुम्हाला कदाचित असेही वाटेल की पात्याची, घडणीची, कल्पकतेची सगळी हौस ज्यावर भागेल अशी एक घरगुती वस्तू आहे, आणि तिला परवाना लागत नाही. हा पर्याय मी मनापासून सुचवते आहे.

राहता राहिल्या तुमच्या सौभाग्यवती. त्यांना समजावायचे कशाला? त्यांचे म्हणणे रास्त आहे. चार वर्षांच्या मुलीला स्टूल ओढून चढता येते, म्हणून 'उंचावर ठेवतो' हे उत्तर नाही. भिंतीवर खिळ्याला टांगलेली तलवार मुळीच नको. भिंतीला पक्के बोल्ट केलेले, कुलपाचे कपाट करून घ्या, काच लावायची तर न फुटणारी. ते कपाट होईपर्यंत सगळ्या वस्तू गावच्याच घरात कुलपात राहू देत, आणि कायद्याचे उत्तर लेखी आल्याशिवाय सांगलीला हलवू नका. तेल-पुसणी मुलगी घरात नसताना. वर्षाला किती खर्च करायचा हे दोघांनी मिळून आधी ठरवा, आणि नवी वस्तू घ्यायला त्यांचा नकार आला तर तो नकार अंतिम माना. पत्रातला सगळा उत्साह तुम्ही मला कळवलात. पणजोबांची वही लिहायला घ्याल तेव्हा तो त्यांनाही दिसू द्या. तलवारीपेक्षा त्या वहीतली माणसे त्यांना अधिक जवळची वाटतील, असा माझा अंदाज आहे.

आज मात्र सगळ्यात आधी ठाण्याचा अर्ज. बंदुकीचे काय झाले ते दोन ओळींत नक्की कळवा, आणि तलवारीच्या पाठीवर काही अक्षरे निघाली तर न घासता, तिरप्या उजेडात फोटो काढून पाठवा.